नळीच्या दिव्यांतील पांढरी भुकटी

ट्यूबलाइट हा शब्द मराठींत आतां इतका रुळला आहे कीं, एखादी गोष्ट उशिरां ध्यानांत येणाऱ्या माणसासहि आपण थट्टेनें तेंच नांव देतों. बटण दाबल्यावर क्षणभर थबकून, दोनतीनदां डोळे मिचकावून मग उजळणारा हा दिवा आपल्या दोनतीन पिढ्यांनीं शाळेंत, कचेरींत, दुकानांत आणि लग्नाच्या मांडवांत पाहिला. मी राहतों तें वडनेर हें वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यांतील, नागपूरहून हैदराबादेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचें गांव. तेथेंहि रस्त्याकांठच्या दुकानांतून ह्या नळ्या अजून टांगलेल्या आहेत. कांहीं जळतात, कांहीं नुसत्याच आहेत. डोळे मिचकावण्याचा दोष नळीचा नसून तिच्या जोडीच्या चोकचा व स्टार्टरचा असतो, हें जातां जातां सांगून टाकतों. आज मला जिच्याविषयीं बोलावयाचें आहे ती वस्तु नळीच्या आंत आहे: कांचेच्या आंतल्या अंगास लागलेली, नळी फुटली म्हणजे दिसणारी पांढरी भुकटी. ह्या भुकटीपायीं कामगारांचे प्राण गेले, राष्ट्रांराष्ट्रांत वाद झाले, आणि तिला पर्याय शोधण्यांत आपल्या विदर्भांतील माणसांनींहि अनेक वर्षें खर्चिलीं आहेत.

प्रथम ही भुकटी करते काय तें पाहूं. नळींतील हवा काढून घेऊन तींत थोडासा आर्गॉन वायु व पाऱ्याचा एक कण ठेवलेला असतो. दोन टोकांमधून वीज वाहूं लागली म्हणजे पाऱ्याची वाफ उद्दीपित होते. परंतु तिच्या तेजाचा मोठा भाग आपल्या डोळ्यांस दिसतच नाहीं. इंद्रधनुष्यांतील जांभळ्या रंगाच्या पलीकडचे जे किरण, ज्यांस जंबुपार किरण म्हणतात, त्या जातीचें तें तेज असतें. त्याची तरंगलांबी २५४ नॅनोमीटर. हे किरण भुकटीच्या कणांवर पडतात, कण ते गिळतात आणि त्यांच्या बदल्यांत दृश्य प्रकाश परत देतात. म्हणजे आपल्या खोलींत जो उजेड पडतो तो पाऱ्याचा फारच थोडा, बाकी सारा ह्या भुकटीचा. हा व्यवहार मात्र तोट्याचा आहे. एका जंबुपार किरणकणाच्या मोबदल्यांत एकच दृश्य किरणकण मिळतो, आणि त्याच्या अंगीं शक्ति कमी असते. रुपया द्यावा आणि पुरते आठ आणेहि हातीं येऊं नयेत, तसें. उरलेली शक्ति उष्णता होऊन जाते. परत मिळणारा प्रकाश नेहमीं असा हलक्या शक्तीचा असतो, हें इंग्लंडांतील स्टोक्स ह्या गणितज्ञानें १८५२ सालीं दाखवून दिलें, आणि फ्लोरस्पार ह्या खनिजावरून त्या चमत्कारास फ्लुओरेसन्स हें नांव त्यानेंच दिलें.

अशा भुकटीस फॉस्फर म्हणतात. नांव ऐकून फॉस्फरसचा भास होतो, परंतु त्याचा अर्थ इतकाच कीं, प्रकाश धारण करणारा पदार्थ. प्रत्येक फॉस्फरांत दोन भागीदार असतात. एक आधारद्रव्य, जें मापानें जवळजवळ सगळें असतें. आणि दुसरें त्यांत मिसळलेलें चिमूटभर उद्दीपक द्रव्य. वरणांत हिंग किती पडतो, पण वास त्याचाच येतो. तसें येथें रंग ठरतो तो बहुधा त्या चिमटीवर. ही चिमूट कशाची असावी, ह्या एका प्रश्नाभोंवतीं नळीच्या दिव्याचा सारा इतिहास फिरला आहे.

१९३८ सालीं अमेरिकेंत हे दिवे बाजारांत आले. त्यांतील एक प्रमुख भुकटी झिंक-बेरिलियम सिलिकेटची होती. प्रकाश चांगला, रंग उबदार, सर्व कांहीं मनाजोगें. पुढें महायुद्ध आलें, कारखाने रात्रंदिवस चालूं लागले, त्यांना दिवे हवे होते आणि दिव्यांच्या कारखान्यांना हात हवे होते. मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील सेलम येथें अशा नळ्या तयार करणाऱ्या कारखान्यांतील कामगारांना, आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, धाप लागूं लागली, खोकला हटेना, वजन घटूं लागलें. काम सोडून गेलेल्यांनाहि कांहीं काळानें तोच आजार गांठी. क्षयाची शंका आली, पण क्षयाचे जंतु सांपडत ना. डॉ. हॅरिएट हार्डी ह्या वैद्यबाईंनीं त्या रोग्यांचा पिच्छा पुरविला आणि १९४६ सालीं आपले सहकारी डॉ. टेबरशॉ ह्यांच्यासह १७ जणांची हकीकत प्रसिद्ध केली. दोष बेरिलियमच्या धुळीचा होता. १९४९ च्या मध्यापासून अमेरिकेंतील दिवे बनविणाऱ्यांनीं बेरिलियम वापरणें सोडून दिलें. घरांघरांत लख्ख उजेड पाडणाऱ्या नळीकडे पाहून तिच्या आंतली भुकटी कोणाच्या श्वासांतून गेली असेल, असा विचार तेव्हां गिऱ्हाइकाच्या मनांत कसा यावा? आजहि येत नाहीं.

बेरिलियम सोडणें शक्य झालें त्याचें कारण असें कीं, पर्याय अगोदरच हातीं आला होता. लंडनजवळ वेम्बली येथील प्रयोगशाळेंत मॅककीग व रॅन्बी ह्या दोघांनीं १९४२ सालीं कॅल्शियम हॅलोफॉस्फेट ह्या भुकटीचा शोध लावला होता. ह्या पदार्थाचें कूळ आपल्या ओळखीचें आहे. आपलीं हाडें व दांत ज्या खनिजाचे बनलेले असतात त्या ॲपेटाइटचाच हा भाऊबंद. फरक इतकाच कीं, ह्यांत फ्लोरीन व क्लोरीन असतें. चिमटी येथें दोन आहेत, ॲन्टिमनीची आणि मँगॅनीजची, आणि त्यांचें काम मोठें मौजेचें चालतें. जंबुपार किरण गिळण्याचें काम ॲन्टिमनी करतें. त्यांतला कांहीं भाग तें स्वतः निळा प्रकाश म्हणून देतें आणि कांहीं भाग शेजारच्या मँगॅनीजच्या हवालीं करतें. मँगॅनीजला हे किरण स्वतः गिळतां येत नाहींत, पण शेजाऱ्यानें दिलेल्या शक्तीवर तें नारिंगी प्रकाश देतें. निळा आणि नारिंगी मिळून आपल्या डोळ्यांस पांढरें दिसतें. मँगॅनीज थोडें वाढवलें कीं प्रकाश पिवळट, कमी केलें कीं निळसर. एका भांड्यांत, एका भट्टींत, स्वस्त मालापासून हवा तो पांढरा रंग! पुढें तीस-पस्तीस वर्षें जगांतील बहुतेक नळ्यांत हीच भुकटी होती, ह्यांत नवल तें काय?

तिचा एक दोष मात्र आपल्या गृहिणींनीं शास्त्रज्ञांच्या मदतीवांचून ओळखला होता. दुकानांत नळीच्या उजेडांत पसंत केलेलें लुगडें घरीं आणावें तों रंग भलताच! म्हणून शहाण्या बायका कापड घेऊन दुकानाच्या दारापर्यंत उन्हांत येत आणि मगच होय म्हणत. हॅलोफॉस्फेटच्या प्रकाशांत निळा आहे, पिवळा आहे, नारिंगी आहे. गडद तांबडा जवळजवळ नाहीं. जो रंग दिव्याच्या प्रकाशांतच नाहीं तो कापडावर कोठून दिसणार? कुंकवाच्या रंगाचा काठ तपकिरी दिसे तो ह्यामुळें. दुसरा दोष असा कीं, नळी बारीक केली तर आंतील किरणांचा मारा वाढतो आणि ही भुकटी लवकर निस्तेज होते. म्हणून जुन्या नळ्या मनगटाएवढ्या जाड असत.

हे दोन्ही दोष दूर केले ते विरल मृत्तिका नांवाच्या धातुकुलानें. हॉलंडांतील फिलिप्सच्या प्रयोगशाळेंतील संशोधकांनीं १९७४ सालीं तीन निरनिराळ्या भुकट्या एकत्र करून दाखविल्या: निळ्यासाठीं युरोपियम, हिरव्यासाठीं टर्बियम, आणि तांबड्यासाठीं पुन्हां युरोपियमच, पण निराळ्या अवस्थेंतलें व यट्रियमच्या ऑक्साइडांत बसविलेलें. तीन अरुंद रंगांनीं मिळून बनलेला हा पांढरा प्रकाश लुगड्याचा रंगहि ठीक दाखवी आणि वीजहि कमी खाई. ह्या भुकट्या बारीक नळींत टिकूं शकत. म्हणून नळी वळवून, दुमडून बल्बच्या खोबणींत बसेल असा सीएफएल शक्य झाला, आणि १९८० च्या सुमारास तो बाजारांत आला. आपल्याकडे पुढें भारनियमनाच्या दिवसांत त्याचा केवढा बोलबाला होता तें आपणांस आठवत असेल.

परंतु आतां दिवा परतंत्र झाला. युरोपियम आणि टर्बियम हीं द्रव्यें पृथ्वीच्या पाठीवर नाहींत असें नाहीं. पण तीं एकमेकांत इतकीं मिसळलेलीं असतात कीं त्यांना वेगळें करणें अत्यंत कष्टाचें, खर्चाचें आणि घाणीचें काम आहे. केरळ, तामिळनाडू व ओरिसा ह्यांच्या किनाऱ्यांवरील वाळूंत मोनॅझाइट विपुल आहे, १९५० सालीं त्यासाठीं इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी स्थापन झाली, परंतु आपल्या मोनॅझाइटांत सिरियम व लॅन्थॅनम पुष्कळ आणि युरोपियम व टर्बियम अत्यल्प. घाणीचें तें काम चीननें अंगावर घेतलें आणि २०१० पर्यंत जगांतील विरल मृत्तिकांचें ९५ टक्क्यांहून अधिक उत्पादन त्याच्या हातीं गेलें. त्या वर्षीं चीननें निर्यातीचें प्रमाण सुमारें ४० टक्क्यांनीं घटविलें. २००९ मध्यें किलोस सुमारें पांचशें डॉलरांस मिळणारें युरोपियमचें ऑक्साइड २०११ च्या मध्यास कांहीं हजार डॉलरांवर गेलें. वाद जागतिक व्यापार संघटनेपुढें गेला, २०१४ सालीं निकाल चीनच्या विरुद्ध लागला आणि २०१५ च्या आरंभीं निर्यातीचे ते कोटे रद्द झाले. पण तोंवर दिव्यांच्या कारखानदारांचे डोळे चांगलेच उघडले होते.

ह्या धांवपळींत पर्यायी फॉस्फरांचा शोध जोरानें सुरू झाला. अमेरिकेंत २०१३ सालीं दुर्मिळ द्रव्यांचा प्रश्न सोडविण्यासाठीं आयोवांतील एम्स प्रयोगशाळेच्या नेतृत्वाखालीं एक संस्था उभी राहिली. तिच्या आश्रयानें लिव्हरमोर प्रयोगशाळा व जनरल इलेक्ट्रिक कंपनी ह्यांच्या संशोधकांनीं अशी हिरवी भुकटी केली कीं जींत टर्बियम ९० टक्क्यांनीं कमी लागावें, आणि तांबड्यासाठीं युरोपियम व यट्रियम दोन्ही वगळून मँगॅनीजच्या चिमटीवर भागविलें. काम खरोखर नामी झालें. पण तें हातीं आलें तेव्हां ज्या नळीसाठीं तें केलें ती नळीच बाजारांतून उठूं लागली होती. १९४२ चा पर्याय गरजेपूर्वी तयार होता. हा गरजेनंतर आला.

आतां आपल्या इकडे वळूं. नागपूर विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागांत डॉ. एस. व्ही. मोहरील व डॉ. संजय ढोबळे ह्यांनीं आणि त्यांच्या हाताखालीं तयार झालेल्या विद्यार्थ्यांनीं फॉस्फरांवर वर्षानुवर्षें काम केलें आहे. पारा नसलेल्या दिव्यांस चालतील असे फॉस्फर हा त्यांतला एक मोठा विषय. चंद्रपूर जिल्ह्यांतील भद्रावतीच्या महाविद्यालयांतील डॉ. कार्तिक शिंदे ह्यांनीं डॉ. ढोबळे व दक्षिण आफ्रिका आणि कोरिया येथील दोन प्राध्यापक ह्यांच्यासह फॉस्फेट जातीच्या फॉस्फरांवर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ २०१२ सालीं स्प्रिंगर ह्या प्रकाशनसंस्थेनें काढला. भद्रावती हें लेणीं आणि जैन मंदिर ह्यांसाठीं ठाऊक असलेलें गांव. तेथून दिव्यांच्या भुकटीवर असा ग्रंथ निघावा, ही गोष्ट आपल्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येण्याजोगी खास होती.

लहान गांवच्या महाविद्यालयास हें काम परवडलें कसें, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचें बरेंच श्रेय एका साध्या युक्तीस आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील प्राध्यापक के. सी. पाटील ह्यांनीं व त्यांच्या विद्यार्थ्यांनीं १९८८ सालीं ज्वलनानें संयुगें तयार करण्याची रीत प्रसिद्ध केली. ॲल्युमिनेट जातीच्या भुकट्या एरवीं चौदाशें अंशांच्या भट्टींत तासन् तास भाजाव्या लागतात; तशी भट्टी आणि तिचें विजेचें बिल मोठ्या संस्थांनाच झेपावें. पाटलांच्या रीतींत धातूंचीं नायट्रेटें आणि युरिया, तोच आपण कपाशीला घालतों तो युरिया, पाण्यांत कालवून सुमारें पांचशें अंशांच्या साध्या भट्टींत ठेवतात. मिश्रण उकळतें, फुगतें, आणि एकाएकीं स्वतःच पेट घेतें. ज्वाळेची उष्णता क्षणभर हजार अंशांच्या वर जाते, आणि पांचेक मिनिटांत बत्ताशासारखा हलका फेस तयार! तो खलांत घोटला कीं भुकटी. जंबुपार दिव्याखालीं धरून ती तांबडी किंवा हिरवी उजळलेली पाहणें हा अनुभव पदवीच्या विद्यार्थ्यासहि घेतां येतो, आणि एकदां घेतला कीं तो मुलगा पुस्तकांतलें वाक्य पाठ करून थांबत नाहीं.

ह्या कामाचें एक वैगुण्य सांगितलेंच पाहिजे. शोधनिबंध पुष्कळ निघतात; नवा आधार, नवी चिमूट, तिचा आलेख, कीं झाला निबंध. त्यांतून कारखान्यांत जाऊन हजारों तास टिकणारी भुकटी मात्र फार थोड्या वेळां निघते. हा दोष केवळ आपल्याकडचा नाहीं, जगभरचा आहे. प्रयोगशाळेंत उजळणें आणि दिव्यांत टिकणें ह्यांच्यामध्यें उष्णता आहे, ओल आहे, किंमत आहे, आणि ती वाट चालणारा कोणी तरी लागतो.

दरम्यान एलईडीनें मैदान मारलें. जपानच्या तिघा शास्त्रज्ञांनीं निळा एलईडी साधला, त्याबद्दल त्यांना २०१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्या देशांत जानेवारी २०१५ पासून उजाला योजनेंतून ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वांटले गेले. पण कोणाची अशी समजूत होईल कीं ही भुकटी आतां इतिहासजमा झाली, तर ती खरी नव्हे. एलईडी मुळांत निळाच असतो. त्याच्यावर पिवळा फॉस्फर बसवला म्हणून तो पांढरा दिसतो. विझलेल्या एलईडीच्या टिकलीवर जो हळदीसारखा पिवळा थर दिसतो तोच तो: यट्रियम व ॲल्युमिनियम ह्यांच्या ऑक्साइडांत सिरियमची चिमूट. भुकटी नळीच्या मानानें अगदीं थोडी लागते, पारा मुळींच लागत नाहीं. पण लुगड्याच्या काठाचा जुना प्रश्न येथेंहि आहे: निळा आणि पिवळा मिळून पांढरें झालें तरी तांबडें अपुरेंच. त्यासाठीं उत्तम दिव्यांत तांबडा फॉस्फर वेगळा घालतात, आणि तो बहुधा पुन्हां युरोपियमचाच. एप्रिल २०२५ मध्यें चीननें ज्या विरल मृत्तिकांच्या निर्यातीवर परवान्याचें बंधन घातलें त्यांत टर्बियम आणि यट्रियम दोन्ही होतीं.

युरोपियमवांचून चालणारा एक तांबडा फॉस्फर आज प्रत्यक्ष वापरांत आहे. पोटॅशियम, सिलिकॉन आणि फ्लोरीन ह्यांच्या संयुगांत मँगॅनीजची चिमूट असें त्याचें स्वरूप. चित्रवाणीच्या पडद्यांतहि तो असतो. मँगॅनीज म्हटलें कीं विदर्भांतल्या माणसाचे कान टवकारणारच. नागपूर व भंडारा जिल्ह्यांत मनसर, कांद्री, गुमगांव, चिखला, डोंगरी बुजुर्ग येथें मँगॅनीजच्या खाणी आहेत, आणि त्या चालविणाऱ्या मॉइल कंपनीचें मुख्य ठाणें नागपुरांतच आहे. परंतु खाण आपली म्हणून फॉस्फर आपला होत नाहीं. धातुक पोलादाच्या धंद्यास फारसें शुद्ध न करतां चालतें. फॉस्फरास तें चालत नाहीं. लोखंड, निकेल, कोबाल्ट ह्यांचे दहा लाखांत कांहीं थोडे भाग राहिले तरी प्रकाश मारला जातो. शुद्धीकरण हीच येथें खरी विद्या, आणि ती विद्या खाणीपेक्षां प्रयोगशाळेच्या अधिक जवळ आहे. शिवाय हा तांबडा फॉस्फर करण्यास हायड्रोफ्लोरिक आम्ल लागतें, जें कातडीवर पडलें तर आंत शिरून हाडापर्यंत पोंचतें. उद्यां कोणीं नागपूर-बुटीबोरीकडे असा कारखाना काढावयाचें म्हटलें, तर सेलमच्या त्या स्त्रियांची हकीकत त्यानें आधीं वाचलेली असावी, असें मला वाटतें. कमी आम्लांत किंवा आम्लावांचून हीच भुकटी करण्याच्या रीती शोधणें हें भद्रावतीसारख्या ठिकाणीं होण्याजोगें काम आहे.

राहतां राहिल्या टांगलेल्या जुन्या नळ्या. पाऱ्यासंबंधींचा मिनामाता करार भारतानें २०१८ सालीं मान्य केला आहे. त्या करारांतील राष्ट्रांनीं २०२३ च्या नोव्हेंबरांत असें ठरविलें कीं, हॅलोफॉस्फेटच्या सरळ नळ्यांचें उत्पादन व व्यापार २०२६ अखेर आणि विरल मृत्तिकांच्या नळ्यांचा २०२७ अखेर बंद व्हावा. उत्पादन बंद होईल. पण घरांत, शाळेंत, गोदामांत असलेल्या नळ्या कोठें जातील? वडनेरास एका दुकानदारानें मला हाच प्रश्न केला. जुनी जाड नळी असेल तर तींत दहांपासून चाळीस मिलिग्रॅमपर्यंत पारा असूं शकतो, आणि तो उकिरड्यावर फुटला कीं वाफ होऊन जातो किंवा पावसाबरोबर नाल्यास मिळतो. ई-कचऱ्याच्या सरकारी नियमांत २०१६ पासून ह्या दिव्यांचा समावेश आहे आणि ते परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. म्हणून बंद पडलेली नळी न फोडतां, तिच्याच कागदी वेष्टनांत उभी ठेवावी आणि गांवच्या नगरपालिकेकडे वा ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावी. भंगारवाल्याकडे देऊं नये. तो टोकांचें ॲल्युमिनियम काढण्यासाठीं ती फोडतो, आणि श्वास त्याचा जातो.

नळी घरांत फुटलीच तर मुलांना बाहेर काढावें, पंखा बंद करावा, खिडक्या उघडाव्या व पंधरा मिनिटें त्या खोलींत जाऊं नये. मग केरसुणी किंवा झाडणयंत्र न वापरतां, हातांत पिशवी अगर मोजे घालून, जाड पुठ्ठ्यानें कांच व भुकटी गोळा करावी, उरलेली बारीक धूळ ओल्या कागदानें टिपून घ्यावी, आणि हें सारें झांकणाच्या बरणींत घालून बरणी घराबाहेर ठेवावी.